विद्यमान रस्त्याचे संगणकीय प्रतिमान

विद्यमान रस्त्याचे संगणकीय प्रतिमान म्हणजे प्रत्यक्ष अस्तित्वात असलेल्या रस्त्याची जागा, उंची, उतार, रुंदी व त्यालगतची बांधकामे यांची मोजमापांवर आधारलेली त्रिमितीय मांडणी. स्थापत्य अभियांत्रिकीच्या आराखडा-सॉफ्टवेअरमध्ये असे प्रतिमान अर्थात मॉडेल तयार करून त्याच्या आधारे रुंदीकरण, मजबुतीकरण, वळणसुधारणा, जलनिस्सारण आणि चौकांची पुनर्रचना यांचे आराखडे केले जातात. ऑटोडेस्क कंपनीचे सिव्हिल थ्रीडी आणि बेंटली सिस्टिम्स कंपनीचे ओपनरोड्स डिझायनर ही या कामासाठी वापरली जाणारी प्रमुख सॉफ्टवेअर आहेत.

नवीन रस्त्याच्या आराखड्यात रेषा व उतार अभियंता ठरवतो. विद्यमान रस्त्याच्या बाबतीत ते आधीच ठरलेले असतात आणि शोधून काढावे लागतात. त्यामुळे प्रतिमानातील प्रत्येक बिंदू मोजलेला आहे की गृहीत धरलेला, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. प्रतिमानातील चूक अंदाजपत्रकातील परिमाणांत आणि पुढे प्रत्यक्ष कामात उतरते.

## इतिहास

भूपृष्ठाची उंची संगणकात आकड्यांच्या रूपात साठवण्याची कल्पना महामार्गांच्या आखणीतूनच पुढे आली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत चार्ल्स मिलर यांनी १९५० च्या दशकात या विषयावर काम केले. मिलर व लाफ्लाम यांच्या १९५८ मधील लेखाने 'डिजिटल भूप्रदेश प्रतिमान' ही संज्ञा रूढ केली. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात 'मॉस' ही प्रणाली विकसित झाली. तिच्यात रस्त्याची कड, मध्य, गटाराचा तळ अशी प्रत्येक बाब एका सलग त्रिमितीय रेषेने दाखवली जाई. या रेषेला 'स्ट्रिंग' म्हणत. मॉसचीच पुढील आवृत्ती एमएक्स या नावाने ओळखली गेली. एमएक्स, इनरोड्स व जिओपॅक या प्रणालींची जागा नंतर ओपनरोड्सने घेतली.

## सर्वेक्षण व निर्देशप्रणाली

प्रतिमानाची अचूकता सर्वेक्षणाच्या अचूकतेपेक्षा अधिक असू शकत नाही. सर्वेक्षणासाठी टोटल स्टेशन, उपग्रहाधारित जीएनएसएस यंत्रे, वाहनावर बसवलेले लायडार आणि ड्रोन यांचा वापर होतो. जीएनएसएसने मिळणारी उंची सामान्यतः काही सेंटिमीटरपर्यंत विश्वासार्ह असते. त्याहून सूक्ष्म उंचीसाठी आजही लेव्हल यंत्राने तलमापन करतात. ड्रोनच्या छायाचित्रांवरून झाडाझुडपांखालची जमीन दिसत नाही. लायडारचे काही किरण मात्र पानांमधील फटींतून जमिनीपर्यंत पोहोचू शकतात.

सहनिर्देशकांची प्रणाली निवडताना दोन बाबी पाहाव्या लागतात. पहिली बाब अंतराची. यूटीएम प्रक्षेपणात मध्य रेखावृत्तावरील प्रमाण ०.९९९६ असते. म्हणजे तेथे जमिनीवरील १ किलोमीटर अंतर नकाशावर ४० सेंटिमीटरने कमी भरते आणि १० किलोमीटरच्या रस्त्यात ४ मीटरची तूट येते. महाराष्ट्राचा बहुतांश भाग ४३ व्या यूटीएम विभागात आणि ७८ अंश पूर्व रेखांशापलीकडील विदर्भ ४४ व्या विभागात मोडतो. त्यामुळे अमरावतीहून नागपूरला जाणारा रस्ता दोन विभागांत विभागला जातो. अशा कामांसाठी बहुधा प्रकल्पापुरती स्थानिक निर्देशप्रणाली तयार करतात, जेणेकरून नकाशावरील साखळी क्रमांक जमिनीवरील अंतराशी जुळतात.

दुसरी बाब उंचीची. उपग्रहाधारित यंत्र लंबवर्तुळाभ पृष्ठापासूनची उंची देते, तर पाण्याचा प्रवाह ज्या उंचीवर अवलंबून असतो ती सरासरी समुद्रसपाटीच्या पृष्ठापासून, म्हणजे भूआभापासून, मोजतात. महाराष्ट्रात या दोन उंचींत ५० मीटरांहून अधिक फरक आहे. एवढा फरक सहज लक्षात येतो. मात्र तो सर्वत्र सारखा नसतो. लांब रस्त्यावर तो हळूहळू बदलतो, आणि हा बदल दुर्लक्षिल्यास रस्त्याच्या उतारात नजरेस न येणारी चूक शिरते. म्हणून ठरावीक अंतरावरील तलचिन्हे तलमापनाने परस्परांशी जोडून घेतात.

## पृष्ठभागाचे प्रतिमान

मोजलेले बिंदू त्रिकोणांनी जोडून पृष्ठभाग तयार केला जातो. याला अनियमित त्रिकोणजाळे म्हणतात. कोणते बिंदू परस्परांना जोडायचे हे बहुतेक सॉफ्टवेअर सोव्हिएत गणितज्ञ बोरिस डेलोने यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या निकषानुसार ठरवतात. त्यानुसार कोणत्याही त्रिकोणाच्या परिवृत्ताच्या आत दुसरा बिंदू येत नाही.

### ब्रेकलाईन

डेलोनेचा निकष केवळ बिंदूंमधील अंतरे पाहतो. त्यांपैकी कोणता बिंदू रस्त्याच्या मध्यावरचा आणि कोणता कडेचा, हे त्याला कळत नाही. समजा, ७ मीटर रुंद रस्त्याच्या दोन्ही कडांचे बिंदू एकाच साखळी क्रमांकावर आणि मध्याचे बिंदू त्यांच्या अधल्यामधल्या जागी घेतले आहेत. अशा वेळी त्रिकोणाची बाजू एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जाते आणि तेथे रस्त्याचा माथा नाहीसा होतो. कॅम्बर म्हणजे मध्यापासून कडांकडे दिलेला आडवा उतार २.५ टक्के असेल, तर माथा कडेपेक्षा ८.७५ सेंटिमीटर उंच असतो. तो संपूर्ण लांबीत गळल्यास दर किलोमीटरला सुमारे ३०६ घनमीटर आकारमानाचा फरक पडतो.

हे टाळण्यासाठी मध्य, कडा, साइडपट्टीची बाहेरील कड, भरावाचा माथा व पायथा, गटाराच्या कडा व तळ यांवरून ब्रेकलाईन आखतात. ब्रेकलाईन ही अशी रेषा आहे की जिला ओलांडून त्रिकोणाची बाजू जाऊ शकत नाही. वळणावर ब्रेकलाईनचे बिंदू पुरेसे जवळ असावे लागतात. १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर १० मीटर लांबीची जीवा प्रत्यक्ष वक्रापासून मध्यभागी १२.५ सेंटिमीटर दूर जाते. जीवा ५ मीटर केल्यास हे अंतर सुमारे ३ सेंटिमीटरवर येते.

### उभे पृष्ठभाग व सीमा

त्रिकोणजाळ्यात एका जागी एकच उंची असू शकते. त्यामुळे कर्बस्टोन, संरक्षक भिंत किंवा मोरीची भिंत यांचा उभा पृष्ठभाग हुबेहूब दाखवता येत नाही. वरची व खालची रेषा काही मिलिमीटर बाजूला सरकवून तो जवळजवळ उभा दाखवतात. पूल व उड्डाणपूल यांचे पृष्ठभाग जमिनीच्या पृष्ठभागापासून वेगळे ठेवतात. सर्वेक्षित पट्ट्याबाहेर तयार होणारे लांब, अरुंद त्रिकोण सीमारेषा देऊन काढून टाकतात.

## मध्यरेषेची पुनर्बांधणी

अनेक जुने रस्ते बैलगाडीच्या वाटांवरून टप्प्याटप्प्याने विकसित झाले असून त्यांचे मूळ आराखडे उपलब्ध नसतात. मोजलेल्या मध्यबिंदूंना सरळ रेषा, वर्तुळाकार वक्र आणि संक्रमण वक्र जुळवून त्यांची भूमिती नव्याने शोधावी लागते. सॉफ्टवेअर न्यूनतम वर्ग पद्धतीने सर्वांत जवळचा वक्र सुचवते आणि प्रत्येक बिंदूचे त्यापासूनचे विचलन दाखवते. प्रत्येक बिंदूतून रेषा नेण्याचा आग्रह धरल्यास लहान लहान तुकड्यांची अशी रेषा तयार होते की जी आराखड्यासाठी निरुपयोगी ठरते. याउलट फारच थोडे घटक घेतल्यास रेषा रस्त्यावरून सरकते आणि खासगी जमिनीत शिरण्याचा धोका निर्माण होतो. किती विचलन चालेल हा निर्णय अभियंत्याचा असतो.

वळणावरील बाह्योन्नतीही मोजूनच घ्यावी लागते. भारतीय मानकांत आवश्यक बाह्योन्नती काढण्यासाठी ताशी किलोमीटरमधील वेगाच्या वर्गाला मीटरमधील त्रिज्येच्या २२५ पटीने भागतात. सपाट व उंचसखल प्रदेशात तिची कमाल मर्यादा ७ टक्के आहे. ताशी ८० किलोमीटर वेग व ४०० मीटर त्रिज्या असल्यास ही मर्यादाच लागू होते. अशा वळणावर प्रत्यक्षात ४ टक्केच बाह्योन्नती आढळली, तर आतील कड तशीच ठेवून ७ मीटर रुंदीत बाहेरील कड २१ सेंटिमीटर उचलावी लागते.

## रुंदीकरण व मजबुतीकरणातील उपयोग

विद्यमान पृष्ठभागावर नवा रस्ता बसवण्यासाठी कॉरिडॉर ही रचना वापरतात. मध्यरेषा, लांबीच्या छेदातील उंची आणि नमुना आडवा छेद यांच्या संयोगातून ती तयार होते. तिची विद्यमान पृष्ठभागाशी तुलना करून खोदाई, भराव आणि डांबरी मिश्रणाची परिमाणे काढतात.

एका बाजूने केलेल्या रुंदीकरणात जुन्या आडव्या उताराची नोंद विशेष महत्त्वाची ठरते. ७ मीटरचा रस्ता एकाच बाजूला वाढवून १० मीटर केल्यास माथा १.५ मीटर सरकतो. जुना व नवा आडवा उतार २.५ टक्के असेल, तर जुना माथा झाकण्यासाठी नव्या माथ्याखाली ७.५ सेंटिमीटर जाडीचा दुरुस्ती थर लागतो. मजबुतीकरणाचा थर त्याहून वेगळा असतो. जुना रस्ता सपाट पट्टी मानून केलेल्या अंदाजपत्रकात हा दुरुस्ती थर येतच नाही.

उंचीतील पद्धतशीर चुकीचा परिणामही मोठा असतो. ७ मीटर रुंद रस्त्याच्या १ किलोमीटर लांबीत उंची सर्वत्र १ सेंटिमीटरने चुकल्यास ७० घनमीटर, म्हणजे सुमारे १६० टन डांबरी मिश्रणाचा फरक पडतो. वेगवेगळ्या बिंदूंवरील यादृच्छिक चुका परस्परांना बऱ्याच अंशी रद्द करतात. एकाच दिशेने झालेली चूक मात्र लांबीबरोबर साचत जाते.

## भूमिगत वाहिन्या

जलवाहिन्या, मलवाहिन्या व केबल यांची माहिती पृष्ठभागावरून मिळत नाही. अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सच्या ३८ क्रमांकाच्या मानकात अशा माहितीचे चार दर्जे आहेत: केवळ जुन्या नोंदींवरून मिळालेली माहिती सर्वांत खालच्या दर्जाची, त्यावर चेंबरची झाकणे, व्हॉल्व्ह यांसारख्या दृश्य खुणांशी ताडलेली, त्यावर भूवेधी रडारसारख्या भूभौतिक साधनांनी शोधलेली, आणि सर्वांत वरच्या दर्जाची म्हणजे प्रत्यक्ष खणून मोजलेली. नोंदीवरून काढलेली वाहिनी आणि खणून मोजलेली वाहिनी पडद्यावर सारखीच ठळक दिसते. म्हणून दर्जाची नोंद वाहिनीसोबतच ठेवणे आवश्यक असते.

## तपासणी व मर्यादा

प्रतिमान तयार करताना न वापरलेले स्वतंत्र बिंदू मोजून त्यांची उंची प्रतिमानातील उंचीशी ताडून पाहणे, ही मुख्य तपासणी होय. याशिवाय परस्परांना छेदणाऱ्या ब्रेकलाईन, चुकून शून्य उंची नोंदलेले बिंदू आणि रस्त्यावर अस्वाभाविक वळसे घेणाऱ्या समोच्च रेषा शोधतात. पाण्याचा प्रवाह दाखवून प्रतिमानातील सखल जागा प्रत्यक्ष पाणी साचणाऱ्या जागांशी जुळतात का, हेही पाहतात.

प्रतिमान सर्वेक्षणाच्या दिवसापुरते खरे असते. सर्वेक्षणानंतर डांबरीकरण झाले, पावसाळ्यात साइडपट्टी वाहून गेली किंवा नवी केबल टाकली गेली, तर ते जुने ठरते. त्यामुळे सर्वेक्षणाची तारीख, निर्देशप्रणाली, वापरलेली तलचिन्हे आणि गृहीतके यांची नोंद प्रतिमानासोबत दिली जाते.

## भारतातील मानके

मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या रस्ते विकास समितीच्या शिफारशींतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसची स्थापना झाली. या संस्थेचे विशेष प्रकाशन क्रमांक १९ रस्ते प्रकल्पांच्या सर्वेक्षणाविषयी, तर मानक क्रमांक ७३ ग्रामीण भागातील महामार्गांच्या भौमितिक आखणीविषयी मार्गदर्शन करते. विविध सॉफ्टवेअरमध्ये माहितीची देवाणघेवाण करण्यासाठी लँडएक्सएमएल हे स्वरूप प्रचलित आहे. आयएफसी या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०२४ मधील आवृत्तीत रस्ते, रेल्वे व पूल यांचाही समावेश झाला.

## हे सुद्धा पहा

- भूमापन
- समोच्च रेषा
- बाह्योन्नती
- लायडार
- इंडियन रोड्स काँग्रेस