पंचगंगेत बोट का नाही?

गेल्या वीकेंडला पुण्याचा एक मित्र आमच्याकडे बावड्याला आला होता. हा नुकताच लंडन फिरून आलाय. तिथं बसला चालतं तेच कार्ड टेकवून थेम्सवरच्या बोटीत बसायचं आणि अख्खं शहर बघायचं, हे त्यानं रात्री तांबडा रस्सा ओरपताना तीनदा सांगितलं. सकाळी राजाराम बंधाऱ्यावर गेलो तर पहिला प्रश्न, "काय रे, तुमच्या पंचगंगेत बोट नाही?"

म्हटलं, चल, मनातल्या मनात फिरवतो.

सुरुवात प्रयाग चिखलीला. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचं पाणी इथून एकत्र पुढं निघतं. पाचवी सरस्वती, ती गुप्त! मग शिवाजी पूल, पंचगंगा घाट आणि काठावरची ब्रह्मपुरीची टेकडी. 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी इथं उत्खनन केलं. सातवाहनकालीन वस्ती सापडली. ब्रह्मपुरीतच पोसायडनची छोटी कांस्यमूर्तीही मिळाली. ती आपल्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे.

आता ग्रीकांचा समुद्रदेव कोल्हापुरात आला कसा? पंचगंगेतून तर नक्कीच नाही. ती वाहते पूर्वेला, नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते. रोमन व्यापार चालायचा पश्चिम किनाऱ्यावर, आणि मध्ये सह्याद्री उभा. म्हणजे बहुधा साहेब कोकणात जहाजातून उतरले आणि बैलाच्या पाठीवरून घाट चढून आले.

माझ्या मते उत्तर इथंच आहे. ही नदी कोल्हापूरला प्रवासाची कधी नव्हतीच, ती ओलांडायची नदी. नाव होती ती या काठावरून त्या काठावर जायला. नाव नसेल तर गुळाची काहील! म्हणून तर 1870 च्या दशकात रत्नागिरीच्या वाटेवर शिवाजी पूल बांधला. पुढं तो म्हातारा झाला, शेजारी पर्यायी पूल सुरू झाला आणि अडकला. कारण ब्रह्मपुरी संरक्षित स्मारक, आणि 2010 च्या दुरुस्तीनंतर अशा जागेपासून 100 मीटरमध्ये नवीन बांधकामाला बंदी. जानेवारी 2018 मध्ये जुन्या पुलावरून मिनीबस नदीत कोसळली, 13 जण गेले. नवा पूल पुरा झाला तो त्यानंतर.

आपली बोट तोवर बावड्यात पोचते आणि थांबते. समोर बंधारा. पावसाळा संपला की दगडी खांबांमध्ये बरगे घालून पाणी अडवायचं, पुढच्या पावसाआधी काढायचे. राज्यभर याला 'कोल्हापुरी बंधारा' म्हणतात. नदीवर असे एकापुढं एक बंधारे. शेतं भिजली, ऊस पिकला, पण बोटीची वाट बंद. सौदा वाईट नव्हता.

मित्र म्हणाला, "म्हणजे इथं बोट कधी फिरलीच नाही?"

फिरली की. ऑगस्ट 2019. याच बंधाऱ्यावर पाण्याची पातळी मोजतात. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. चिखली आणि आंबेवाडीची माणसं बोटीतून बाहेर काढली. तिकीट नव्हतं, सगळ्यांसाठी होती, आणि दोन्ही बाजूंना घरांची छपरं दिसत होती.

मित्र यावर काही बोलला नाही. बराच वेळ बंधाऱ्याच्या खांबांकडं बघत उभा राहिला, मग म्हणाला, "चल, मिसळ खाऊ."