डिस्कची तक्रार वाचताना : प्रस्तावना

बुटीबोरीच्या एमआयडीसीत मे महिन्यात सर्व्हरची डिस्क गेली, की कारण ठरलेलं असतं : ऊन. नवतपा सुरू आहे, पारा पंचेचाळिशीपार गेलाय, तिथं डिस्क काय टिकणार! ही समजूत अगदीच खोटी नाही; पण ती इतकी सोयीची आहे की पुढची चौकशीच होत नाही.

गूगलच्या तीन संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला. फार जास्त तापमान आणि जुन्या डिस्क वगळता उष्णता आणि बिघाड यांचा सरळ संबंध त्यांना दिसला नाही. त्या डिस्क देखरेखीतल्या डेटा सेंटरमधल्या होत्या. जिन्याखालच्या खोलीत एका एसीच्या भरवशावर चालणाऱ्या आपल्या सर्व्हरला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावू नये, असं माझं मत आहे. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र सगळीकडे लागू पडावी : निकामी झालेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या ‘स्मार्ट’ नोंदींत (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या), तापमान सोडलं तर, कसलीही चाहूल नव्हती. म्हणजे स्मार्ट ‘ओके’ म्हणतंय म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

मग वाचायचं काय? कंट्रोलरचा लॉग. त्यात ‘३/११/००’ असे आकडे दिसले, तर डिस्क स्वतःच सांगतेय की अमुक जागेवरचं मला वाचता आलं नाही. तिथं दोष चकतीचा. ‘बी/४७/०३’ दिसलं, तर माहिती वाटेत बिघडली. आधी केबल आणि बॅकप्लेन तपासा. साटा डिस्कवर हाच हिशेब स्मार्टच्या १९९ क्रमांकाच्या नोंदीत असतो. केबल बदलल्यावर तो आकडा शून्यावर येत नाही, म्हणून नवे लोक गोंधळतात. तो आता वाढतोय का, एवढंच पाहायचं. आणि एकाच केबलवरच्या चार डिस्क एका रात्रीत तक्रार करू लागल्या, तर चारही गेल्या असं सहसा नसतं.

एवढी खातरजमा कशासाठी? पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये रेडची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची, कल्पना मांडली, तिच्यातल्या पाचव्या प्रकारात एक डिस्क गेली तरी काम चालतं. दुसरी गेली की संपलं. रिबिल्डच्या वेळी, म्हणजे गेलेल्या डिस्कवरची माहिती नव्या डिस्कवर पुन्हा उभी करताना, प्रत्येक उरलेली डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी लागते, आणि वर्षानुवर्षं कुणी न वाचलेला खराब सेक्टर नेमका तेव्हा उघडा पडतो. म्हणून पॅट्रोल रीड, म्हणजे कंट्रोलरनं अधूनमधून सगळ्या डिस्क आपणहून वाचून पाहणं, बंद करू नका. डिस्क ओढण्याआधी बॅकअप बघा, लोकेटचा दिवा लावा, सीरियल नंबर जुळवा. काही ठिकाणी सॉफ्टवेअर बे शून्यापासून मोजतं आणि पेटीवर क्रमांक एकपासून छापलेले असतात, एवढ्याशा कारणानं चांगली डिस्क बाहेर काढली जाते.

कारखान्यात आणखी एक संशयित असतो : हादरे. ब्रेंडन ग्रेग यांनी २००८ मध्ये डिस्कच्या रॅकवर चक्क ओरडून दाखवलं आणि वाचन-लेखन रेंगाळल्याचं पडद्यावर लगेच उमटलं. भिंतीपलीकडे प्रेस चालत असेल, तर लॉगमधल्या वेळा शिफ्टच्या वेळांशी ताडून पाहा. आधी कंट्रोलरचं घड्याळ मात्र तपासा. ते आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागं असू शकतं, आणि सकाळच्या पाळीतली खडखड रात्रपाळीच्या नावावर जायची.