झडप: आजीच्या एअरबेडपासून ऑक्सिजनच्या टाकीपर्यंत

(आजच्या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)

इअरफोन लावलेत ना? मग आधी एक आवाज आठवा. फुस्स... जरा शांतता... परत फुस्स. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात ज्यांच्या घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर होता, त्यांना हा आवाज झोपेतसुद्धा ओळखू येईल. तो आवाज त्या मशीनमधल्या एका झडपेचा. व्हॉल्व्ह म्हणा, गॅरेजवाल्यासारखं 'वॉल' म्हणा, नाहीतर हृदयाच्या बाबतीत आपण म्हणतो तसं झडप म्हणा. काम एकच: हवा कधी जाऊ द्यायची, कधी अडवायची आणि कुठल्या बाजूला सोडायची.

आजचा इतिहास या झडपेचा. आणि त्याची सुरुवात माझ्या घरातून, मांजरीतून होते.

आजीचा बेड

मांजरी म्हणजे सोलापूर रस्त्याला हडपसरच्या पुढची. आता लोकांना ती सीरम इन्स्टिट्यूटमुळे माहीत आहे. शेतकऱ्यांना द्राक्ष संशोधन केंद्रामुळे आणि साखर कारखान्याच्या माणसांना वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमुळे ती त्याआधीपासूनच माहीत होती. या शेवटच्या नावाकडे आपण परत येणार आहोत, लक्षात ठेवा.

कोविडच्या आधीची गोष्ट. आजी बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर ती घरी आली, पण कूस बदलता येईना. डॉक्टरांनी एअरबेड घ्यायला सांगितला. आम्ही भाड्याने आणला. गादीवर फुगवट्यांच्या रांगा, खाली एक छोटा पंप आणि पंपातून निघालेल्या दोन नळ्या. दोन का? कारण फुगवट्यांचे दोन गट असतात. काही मिनिटं पहिला गट फुगतो आणि दुसरा सैल पडतो, मग उलट. म्हणजे अंगाच्या एकाच जागेवर सतत दाब राहत नाही आणि तिथलं रक्त वाहतं राहतं.

चार-पाच दिवसांनी आजीच्या कमरेखाली लाल चट्टा दिसला. आईला वाटलं, बेड पंक्चर असेल. पण बेड तर टम्म फुगलेला! पंपही घुरघुरत होता. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरांनी गादीवर हात ठेवला आणि दहा-पंधरा मिनिटं नुसत्या बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, हे बदलतच नाहीये."

पंप उघडला तेव्हा आत एक छिद्रं असलेली प्लास्टिकची चकती निघाली, एवढीशी. ती फिरली की हवा या नळीतून त्या नळीत जाते. तीच अडकली होती. म्हणजे हवा होती, वीज होती, गादी होती. फक्त 'आता तिकडे सोड' हे सांगणारी झडप थांबली होती. फुगलेला एअरबेड आणि चालू असलेला एअरबेड या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे आम्हाला त्या लाल चट्ट्याने शिकवलं. पंप बदलून मिळाला, चट्टा वेळेत दिसला म्हणून भरला. तोपर्यंत आई रात्रीसुद्धा दर दोन तासांनी उठून आजीला कुशीवर करायची.

हे 'दर दोन तासांनी' कुठून आलं? दुसऱ्या महायुद्धातून. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलमध्ये डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला. त्या काळी असे रुग्ण बेडसोअर्स आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने मरायचे. गुटमननी रुग्णांना दिवसरात्र दर दोन तासांनी वळवायला लावलं. त्याच गुटमननी १९४८ मध्ये तिथे अपंग सैनिकांच्या स्पर्धा घेतल्या, ज्यांची पुढे पॅरालिम्पिक झाली. आणि त्याच परंपरेतल्या १९७२ च्या हायडेलबर्गच्या स्पर्धेत पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं ते आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी. पुण्यात खडकीला जखमी जवानांसाठीचं पॅराप्लेजिक सेंटर १९७४ पासून आहे. जो माणूस दिवसभर व्हीलचेअरवर बसतो, त्याच्यासाठी बसायच्या गादीतला दाब हा आरामाचा विषय नसतो, तब्येतीचा असतो.

भाता, पेटी आणि वालट्यूब

आता जरा मागे जाऊ. झडप काही इंग्रजांनी आणलेली नाही. लोहाराचा भाता पाहिलाय? भाता उघडला की चामड्याची झडप आत उघडते आणि हवा शिरते. दाबला की तीच झडप आतून बंद होते आणि हवेला नळीतून विस्तवाकडेच जावं लागतं. आपल्या संगीत नाटकांतली पेटीही अशीच चालते. वादक डाव्या हाताने भाता हलवतो तेव्हा आतल्या चामडी झडपा हवेला आत घेतात, पण परत जाऊ देत नाहीत.

१८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचं टायर बसवलं. टायर आलं म्हणजे प्रश्नही आला: हवा आत जावी, पण बाहेर येऊ नये. याचं एक उत्तर पुण्यात दोन-तीन पिढ्यांनी हाताळलंय. वालट्यूब! धातूच्या नळीला बाजूला भोक, त्यावर रबराची बारीक नळी ओढलेली. पंपाची हवा रबर उचलून आत जाते आणि आतली हवा त्याच रबराला भोकावर दाबून धरते. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हा ही वालट्यूब सायकलच्या दुकानात तुकड्यांनी मिळायची. कुजली की चाक बसलंच.

दुसरं उत्तर ऑगस्ट श्रेडर यांच्या कंपनीचं, न्यूयॉर्कमधलं, १८९३ च्या पेटंटचं. मध्ये स्प्रिंगवर बसलेली पिन असते, दाबली की हवा सुटते. तुमच्या स्कूटरला आणि कारला आजही हाच व्हॉल्व्ह आहे. (शाळेत असताना कुणाच्या गाडीवर प्रयोग केला होता ते कमेंटमध्ये सांगू नका.)

सायकल आणि दवाखाना यांचं नातं इथून सुरू होतं. १८९६ मध्ये इटलीत शिपिओने रिव्हा-रोच्ची यांनी दंडाला गुंडाळायच्या रबरी पट्ट्याने रक्तदाब मोजायची पद्धत मांडली. त्या पट्ट्यात सायकलची ट्यूब वापरली होती. १९०५ मध्ये रशियन डॉक्टर निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी त्याला स्टेथोस्कोप जोडला. आज डॉक्टर हातात धरतात त्या रबरी फुग्याला दोन झडपा असतात. मागची झडप हवा आत घेते, पण परत जाऊ देत नाही. पुढच्या स्क्रूचं काम उलटं: हवा हळूहळू सोडणं. सेकंदाला पारा साधारण दोन ते तीन मिलिमीटर खाली आला पाहिजे. घाईने सोडली तर आकडा चुकतो. म्हणजे नीट, मोजून गळणं हेसुद्धा झडपेचं काम आहे.

श्वास एका दिशेने

१९५२. कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ. ज्यांचे श्वासाचे स्नायू लुळे पडले, त्यांच्यासाठी मशीन पुरेनात. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांनी सुचवलं, घशात नळी बसवून पिशवीने हाताने श्वास द्या. सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबल्या. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथे मानली जाते.

मग त्याच शहरात हेनिंग रुबेन आणि होल्गर हेस यांनी १९५६ मध्ये आपोआप फुगणारी पिशवी आणली: अँबू बॅग. १०८ च्या रुग्णवाहिकेत हमखास दिसते ती. गंमत म्हणजे तिच्या पहिल्या नमुन्यात पिशवी फुगलेली ठेवायला सायकलच्या चाकाच्या तारा वापरल्या होत्या. पण या बॅगेचा जीव पुढच्या झडपेत आहे. पिशवी दाबली की हवा रुग्णाकडे जाते. सोडली की रुग्णाचा उच्छ्वास बाहेर जातो, पिशवीत परत येत नाही. ही झडप उलटी बसली किंवा चिकटली, तर तुम्ही कितीही मनापासून दाबा, माणसाला श्वास मिळत नाही.

आता सरळ २०२० मध्ये येऊ. मार्च महिना, उत्तर इटली. ब्रेशियाजवळच्या एका हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन मास्कच्या व्हेंच्युरी झडपा संपल्या. ऑक्सिजनमध्ये खोलीतली हवा ठरावीक प्रमाणात मिसळणारा प्लास्टिकचा हा छोटासा भाग. इसिनोव्हा नावाच्या छोट्या कंपनीच्या क्रिस्टियन फ्राकासी यांनी तो थ्रीडी प्रिंटरवर छापून दिला. अगदी स्वस्त वस्तू, पण ती नाही म्हणून मास्क पडून होते.

त्याच सुमारास आपल्या पुण्यात नोक्का रोबोटिक्स, म्हणजे आजची नोकार्क, ही स्टार्टअप व्हेंटिलेटर बनवायला बसली. निखिल कुरेले आणि हर्षित राठोड ही आयआयटी कानपूरची मुलं. त्यांचा मूळ धंदा सोलर पॅनल पाण्याशिवाय पुसणाऱ्या रोबोंचा! लॉकडाऊनमध्ये बाहेरून सुटे भाग येईनात. व्हेंटिलेटर म्हणजे शेवटी काय? किती हवा, किती दाबाने, किती वेळ, हे सेकंदा-सेकंदाला ठरवणाऱ्या झडपा आणि त्यांना हुकूम देणारा छोटा संगणक. तरीही काही महिन्यांत पुण्यात बनलेलं मशीन उभं राहिलं.

एप्रिल २०२१

पुढचा भाग सांगायला जड जातो.

२१ एप्रिल २०२१, नाशिक. महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय. टँकरमधून ऑक्सिजनची टाकी भरली जात असताना गळती लागली. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांचा असतो. बाहेर आला की एका लिटरचे साडेआठशेच्या आसपास लिटर वायू होतात. मोबाईलवर तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल, आवारभर पांढरे ढग. बाहेर ऑक्सिजनच ऑक्सिजन आणि आत नळीतला दाब पडलेला. किमान २२ रुग्ण गेले.

या घटनेत ऑक्सिजनचा साठा संपला नव्हता, एवढं लक्षात घ्या. सगळा देश त्या महिन्यात 'किती टन' मोजत होता. नाशिकमध्ये प्रश्न टनाचा नव्हता, टाकीच्या जोडणीवरच्या हातभर तुकड्याचा होता.

आता मांजरीकडे परत. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ सालची, साखर कारखान्यांना तंत्रज्ञान देणारी संस्था. त्या एप्रिलमध्ये इथून राज्यातल्या कारखान्यांना निरोप गेला: ऑक्सिजन तयार करा. साखर कारखान्याचा आणि ऑक्सिजनचा काय संबंध? संबंध इथेनॉलमधून आहे. इथेनॉलमधलं शेवटचं पाणी काढायला टाक्यांमध्ये झिओलाइटचे मणी वापरतात. एक टाकी पाणी शोषते, तेव्हा दुसरी मोकळी होते. आणि हवेतून ऑक्सिजन वेगळा करायचं एक तंत्र याच चालीचं आहे. अमेरिकेत चार्ल्स स्कारस्ट्रॉम यांनी त्याचं पेटंट १९६० मध्ये मिळवलं होतं. हवा दाबून पहिल्या टाकीत सोडायची. मणी नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढे निघून जातो. मणी भरले की झडपा फिरतात: हवा दुसऱ्या टाकीत आणि पहिलीतला नायट्रोजन बाहेर. फुस्स! हवेत २१ टक्के असलेला ऑक्सिजन असा साधारण ९३ टक्क्यांपर्यंत जातो.

उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने मे २०२१ मध्ये आपल्या इथेनॉल प्रकल्पातून खरंच ऑक्सिजन काढून दाखवला.

एक बाजू भरते, दुसरी सोडते, मग अदलाबदल. ओळखीचं वाटतंय ना? आजीच्या बेडची तीच चाल. कॉन्सन्ट्रेटर, कारखान्याचा प्रकल्प, एअरबेड, सगळे पाळी बदलण्यावर चालतात. पाळी बदलणारी झडप अडकली की मशीन बंद पडत नाही, हाच खरा धोका आहे. मोटर चालू, दिवा हिरवा, आवाजही येतो. फक्त काम होत नाही.

मग आपण काय करायचं?

त्या लाटेनंतर पीएम केअर्समधून देशभरात हजाराहून जास्त ऑक्सिजन प्रकल्प बसले. उद्घाटनाचे फोटो सगळ्यांनी पाहिले. पण झडपेचं उद्घाटन होत नाही. तिला कुणीतरी ठरावीक दिवशी उघडून पुसावं लागतं, रबर कडक झालं असेल तर बदलावं लागतं आणि तसं वहीत लिहावं लागतं. आपण मशीन विकत घेतो, दान देतो, त्यावर नाव कोरतो. झडपेसाठी माणूस नेमायला मात्र विसरतो. माझं म्हणणं एवढंच की आरोग्य केंद्रात नवीन मशीन आलं की 'कितीला आलं?' याच्या आधी 'याची देखभाल कुणाकडे?' हे विचारा. ग्रामसभेत विचारा, सोसायटीच्या ग्रुपवर विचारा.

आणि घरात कुणी एअरबेडवर असेल तर आज रात्री आमच्या सिस्टरांसारखं करा. मोबाईल बाजूला ठेवा, गादीवर तळहात टेकवा आणि वाट बघा. पंपाच्या माहितीपत्रकात लिहिलेल्या वेळेत हाताखालचा फुगवटा सैल पडून शेजारचा भरला पाहिजे. नाही भरला, तर पंप कितीही छान घुरघुरत असू दे, दुकानदाराला फोन करा. आणि तोपर्यंत कूस तुम्हीच बदला, दर दोन तासांनी.

आजी त्यानंतर वॉकर घेऊन चालायला लागली. तो भाड्याचा बेड परत करताना आईने दुकानातल्या मुलाला सांगितलं, "पुढच्या माणसाला देण्याआधी चकती फिरते का बघ रे बाळा." मला वाटतं, या सगळ्या इतिहासातून घ्यायचं ते एवढंच.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.