भुईपासून फरशीपर्यंत

मागच्या पावसाळ्यात घाटकोपरच्या आमच्या बचत गटात कर्जाचा एक अर्ज आला. कारण लिहिलं होतं, 'घराची जमीन नवी करणे'. कुणीतरी म्हणालं, जमिनीवर कसला खर्च करता, त्यापेक्षा शिलाई मशीन घ्या. त्या ताई म्हणाल्या, "मशीन ठेवू कुठं? खालून ओल येते. पोरं ओल्यावर झोपतात." कर्ज मंजूर झालं. मग आम्हीच विचारात पडलो, या पायाखालच्या जमिनीची गोष्ट तरी काय आहे?

घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, मुलुंड ही मुळात साष्टी बेटावरची गावं. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, ती इकडच्याच शेतांजवळून. अंधेरी-घाटकोपर १९५० साली मुंबईत आले, बोरिवली-मुलुंड १९५७ साली. जुन्या गावठाणांत आणि पाड्यांत घरं तुमच्यासारखीच होती. मातीची भुई घालायची, पाणी शिंपडून चोपण्यानं चोपायची, शेणानं सारवायची. हे काम बाईचं. आरेच्या काही वारली पाड्यांवर अशी भुई अलीकडेपर्यंत दिसायची.

या भुईनं वाईट दिवसही पाहिले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. उंदरांवरच्या पिसवा तो पसरवतात हे तेव्हा कुणाला पटलेलं नव्हतं. घाणीत आणि मातीत रोगाचं विष असतं असं समजून घरं धुऊन काढली जात, काही ठिकाणी मातीची भुईच खणून काढत. बाईनं हातानं सारवलेली जमीन कुदळीनं उकरली जाई.

पुढे फरशी आली. रेल्वेमुळे कर्नाटकातल्या शहाबादचा दगड दूरवर पोचू लागला आणि चाळीचाळीत शहाबादी बसली. श्रीमंतांच्या घरी परदेशी नक्षीच्या लाद्या असत. १९२२ साली सिधवा कुटुंबानं स्वदेशीच्या विचारानं 'भारत' नावाच्या सिमेंटच्या लाद्या काढल्या. गरिबाच्या घरी मात्र सिमेंटचा कोबाच राहिला.

मग आली २६ जुलै २००५ची तारीख. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. उपनगरांत घराघरांत पाणी शिरलं. त्यानंतर ज्याला जमलं त्यानं भराव टाकून जमीन उंच केली. पण रस्ताही दर डांबरीकरणाला वर चढतो. एकानं उंच केलं की पाणी शेजारणीच्या घरात जातं, आणि आपलं छप्पर डोक्याला लागतं.

आता आमच्या ताईंचं काम ऐका. आधी एका मिस्त्रीनं जुन्या कोब्यावरच लाद्या चिकटवल्या होत्या. वर्षभरात त्या पोकळ वाजू लागल्या. चूक कुठं झाली? दिव्याच्या वातीतून तेल वर चढतं, तसं पाणी मातीतून वर चढतं. ती वात मध्येच तोडावी लागते.

म्हणून यावेळी सगळं उकरलं. ओली माती बाहेर काढली. दगडांचं सोलिंग रचलं, कारण मोठ्या दगडांमधल्या पोकळीतून पाणी वर चढत नाही. सांध्यांत बारीक खडी भरून धुम्मस केलं. त्यावर रेतीचा पातळ थर दिला, म्हणजे दगड टोचत नाहीत. मग जाड प्लास्टिक अंथरलं. सांध्याला एक कागद दुसऱ्यावर चांगला चढवला, कडा भिंतीवर वर घेतल्या. त्यावर काँक्रीट, ते पुरतं वाळल्यावर लाद्या. गटातल्या आम्ही चौघीजणी माती वाहायला गेलो. प्लास्टिक कुठं फाटलं का, हे ताईंनी स्वतः वाकून पाहिलं. पुढे काँक्रीट पडल्यावर ते कुणालाच दिसणार नव्हतं.

उंची किती वाढवायची यावर गल्लीतल्या बायकांची बैठक झाली. ताईंनी जमीन फक्त वीतभर वाढवली, आणि सगळ्या घरांनी मिळून गटार मोकळं केलं.

यंदा पाऊस झाला. सकाळी ताईंनी पोरांची गोधडी उचलून दाखवली, कोरडी. शिलाई मशीनचा अर्ज आता आला आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात असा अर्ज आला तर हसू नका. काम निघालं की एकीनं तिथं उभं राहा, आणि फरशीचा रंग निवडण्याआधी खाली काय घालणार ते मिस्त्रीला विचारा.