हेराक्लीस : वीर की देव?

ग्रीक पुराणकथांतील काही मर्त्य माणसे पुढे देव म्हणून पूजिली गेली, ह्या विधानाने मराठी वाचक चकित होत नाही. आणि अनुवादकाची खरी अडचण तेथूनच सुरू होते. अवतारकल्पना आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, देव माणूस होतो आणि माणूस देव होतो ह्या दोन उलट दिशांच्या गोष्टी आपण नकळत एकच मानतो. ग्रीकांना दुसरी गोष्ट सहज पचणारी नव्हती. त्यांच्या काव्यात देव म्हणजे 'अमर' आणि माणसे म्हणजे 'मर्त्य'. ही सीमा ओलांडणाऱ्याला काय म्हणावे, ह्याचा निर्णय त्यांच्या कवींना शतकानुशतके करता आला नाही. तो अनिर्णय अनुवादातही उतरला पाहिजे, असे माझे मत आहे.

हेराक्लीसचेच पाहा. 'इलियड'च्या अठराव्या सर्गात अकिलीस स्वतःच्या मरणाचा विचार करताना त्याचा दाखला देतो : झ्यूसचा एवढा लाडका, पण त्यालाही मृत्यू चुकला नाही. 'ओडिसी'च्या अकराव्या सर्गात तो ओडिसियसला मृतांच्या लोकात भेटतो, हाती धनुष्य घेतलेला; मात्र कवी लगोलग पुस्ती जोडतो की, ही केवळ त्याची छाया, तो स्वतः देवांच्या पंक्तीला सुखात बसला आहे. एका माणसाची ही वाटणी कशी झाली, हे कवी सांगत नाही. प्राचीन टीकाकारांना ह्या ओळी खटकल्या, आणि त्या ओनोमाक्रिटसने घुसडल्या असेही म्हटले गेले. असतील प्रक्षिप्त, पण प्रक्षेप करणाऱ्यालाही छायेला पाताळातून हलविता आले नाही, हे मला अधिक बोलके वाटते.

पूजेतही हीच वाटणी होती. टायर आणि थासोस येथील मंदिरे पाहून आलेला हेरोडोटस म्हणतो की, ज्या ग्रीकांनी हेराक्लीसची दोन मंदिरे उभारली तेच योग्य वागले : एकात तो अमर देव, दुसऱ्यात वीर. ह्या दोन पूजांना त्याने दोन निराळी क्रियापदे योजली आहेत. प्रत्यक्ष विधींतील भेद एकेकाळी मानला जाई तितका कडक नव्हता, वीरांच्या पूजेनंतरही जेवणावळी होत, असे अलीकडच्या संशोधनाने दाखविले आहे. तरी दोन्हीकडे 'बळी अर्पिला' असे लिहिले की हेरोडोटसचा मुद्दाच नाहीसा होतो. दुसऱ्या ठिकाणी पितरांच्या तर्पणाकडे झुकणारा शब्द हवा.

'हीरोस' ह्या शब्दासाठी 'नायक' निरुपयोगी आहे. 'वीर' बरा, कारण वीरगळ आणि देव्हाऱ्यातला वीराचा टाक ह्यांमुळे मेलेल्या माणसाला मिळणारा मान त्या शब्दात मुरलेला आहे. पिंडार हेराक्लीसला 'हीरोस थेओस' म्हणतो. दोन नामे, शेजारी शेजारी. 'देवत्व पावलेला वीर' हे भाषांतर मराठीत गोड वाचते, परंतु 'पावलेला' हा दुवा मुळात नाही. 'वीर-देव' असेच ठेवावे, खडबडीत असले तरी.

सोफोक्लीसने तर दोन नाटकांत दोन हेराक्लीस उभे केले. 'ट्रॅकिसच्या स्त्रिया' ह्या नाटकाच्या अखेरीस विषाने होरपळलेल्या हेराक्लीसला ओइटा पर्वतावरील चितेकडे नेतात. तो देव होणार, हे कोणीही उघड बोलत नाही. इ. स. पूर्व ४०९ मध्ये झालेल्या 'फिलोक्टिटीस'मध्ये तोच वरून प्रकट होऊन ट्रॉयला जाण्याची आज्ञा देतो. ग्रीक भाषेत आदरार्थी बहुवचन नाही. मराठीत मात्र निवड करावीच लागते. पहिल्या नाटकात मुलगा हिल्लस बापाला 'तुम्ही' म्हणेल. दुसऱ्यात फिलोक्टिटीसने त्याच हेराक्लीसला, आपण देवाला म्हणतो तसे, 'तू' म्हणावे.