सायकल शर्यतीतला घाट : कसा पाहावा, कुठे पाहावा



२०२६च्या जानेवारीत एक छान योग जुळून आला. १९ ते २३ जानेवारी या काळात 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत पहिल्यांदाच भरली. पुणे जिल्ह्यातल्या रस्त्यांवरून एकूण ४३७ किलोमीटर धावणारी ही शर्यत जिंकली न्यूझीलंडच्या ल्यूक मडग्वेने. म्हणजे शर्यत माहेरची आणि विजेता सासरचा!

क्रिकेट आपल्याला घरातूनच कळते आणि रग्बी इथे आल्यावर मुले शिकवतात. सायकल शर्यत मात्र अनेकांना कोडे वाटते. एवढे सगळे एकत्र सायकल चालवतात, मग यात पाहायचे काय? याचे उत्तर घाटात मिळते. ज्यांना ही शर्यत पाहायला शिकायचे आहे त्यांनी डोंगरी टप्प्यापासून सुरुवात करावी. त्यासाठी लागणारी माहिती इथे एकत्र दिली आहे.

घाटाचा राजा

मुंबई-पुणे सायकल शर्यत ज्यांनी खोपोली-खंडाळ्याच्या बाजूला उभे राहून पाहिली असेल, त्यांना 'घाटाचा राजा' हा किताब ठाऊक असेल. बोरघाटाच्या माथ्यावर जो आधी पोचतो त्याचा हा मान. पुढे पुण्यात पहिला कोणीही येवो, घाटाचा राजा वेगळा.

जगातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीत, टूर द फ्रान्समध्ये, हीच पद्धत आहे. तिथे १९३३पासून घाटांसाठी वेगळी गुणपद्धत आहे. १९७५पासून त्यातल्या आघाडीवीराला पांढऱ्यावर लाल ठिपके असलेली जर्सी मिळते. घाटांची प्रतवारी केलेली असते. चौथा वर्ग सर्वात सोपा, पहिला वर्ग कठीण आणि त्याहूनही अवघड ते 'वर्गापलीकडचे'. जेवढा घाट मोठा तेवढे माथ्यावरचे गुण जास्त.

चढ टक्क्यांत सांगतात. ८ टक्के चढ म्हणजे एक किलोमीटर गेल्यावर आपण ८० मीटर वर पोचतो. फ्रान्समधला प्रसिद्ध आल्प द्युएझचा घाट १३.८ किलोमीटरचा असून सरासरी चढ ८.१ टक्के आहे. त्याला २१ अवघड वळणे आहेत. एकूण चढाई होते सुमारे ११०० मीटर, म्हणजे आपल्या बोरघाटाच्या साधारण दुप्पट. आणि हा घाट लागतो तेव्हा सायकलपटूंच्या पायांत त्या दिवसाचे शंभरावर किलोमीटर आणि बहुधा एकदोन घाट आधीच जिरलेले असतात.

शर्यत घाटातच का ठरते?

सपाट रस्त्यावर सायकलपटूचा मुख्य शत्रू वारा. पुढच्याच्या मागे चाक लावून चालले की वाऱ्याचा मारा बराच कमी होतो आणि ताकद वाचते. म्हणून सगळे घोळक्याने जातात आणि दुबळा सायकलपटूसुद्धा त्यात टिकून राहतो.

घाटात वेग उतरतो. वेग उतरला की वाऱ्याचा विरोध कमी होतो आणि आडोशाचा फायदाही घटतो. आता झगडा असतो स्वतःच्या वजनाशी. घोळका पांगतो आणि प्रत्येकाची खरी ताकद उघडी पडते. सपाटीवर दिवसभर लढून दहा सेकंद मिळवता येत नाहीत, पण एका घाटात पाच मिनिटे जाऊ शकतात.

पाहताना या गोष्टींकडे लक्ष ठेवा :

१. घाटाच्या पायथ्याशी आघाडीवीराबरोबर त्याच्या संघाचे किती साथीदार उरले आहेत ते मोजा. ते आळीपाळीने पुढे राहून वेग चढता ठेवतात आणि दमले की बाजूला होतात. साथीदार लवकर संपले तर आघाडीवीर अडचणीत आला असे समजा.

२. कोणी एकदम मुसंडी मारली तर त्याच्याकडे नको, मागच्यांच्या चेहऱ्यांकडे पाहा. कोण लगेच उठतो, कोण दुसऱ्याची वाट पाहतो, यावरून पुढचे कळते.

३. पडद्यावर दोन गटांमधले अंतर मिनिटा-सेकंदांत दाखवतात. ते दर किलोमीटरला किती कमी होते ते पाहिले की पकडले जाणार की नाही याचा अंदाज घरबसल्या करता येतो.

४. सगळ्यात मागे एक मोठा गट रमतगमत चालल्यासारखा दिसेल. ते रमत नसतात. सपाटीवर सुसाट धावणारे, वजनाने भारी असे हे गडी असतात. विजेत्यानंतर ठरावीक वेळेत पोचले नाही तर शर्यतीतून बाद, म्हणून एकमेकांना धरून ते वर येतात.

घाटातले किवी

इथल्या लोकांचे या घाटांशी नाते जुने आहे. क्राइस्टचर्चचा हॅरी वॉटसन १९२८मध्ये ह्युबर्ट ऑपरमन आणि आणखी दोन ऑस्ट्रेलियन साथीदारांबरोबर टूर द फ्रान्समध्ये उतरला. युरोपच्या मोठ्या संघांपुढे हे चौघेच. त्या वर्षी पिरेनीज पर्वतातला एक टप्पा ३८७ किलोमीटरचा होता आणि घाटातले रस्ते कच्चे होते. वॉटसन २८वा आला. त्याच प्रवासाचा माग काढत फिल किओघन याने 'ल राइड' हा माहितीपट केला. तो २०१६मध्ये प्रदर्शित झाला.

टिनो टबाकची कथा आपल्यासारख्या स्थलांतरितांना जवळची वाटेल. जन्म नेदरलँड्सचा, वाढला न्यूझीलंडमध्ये. इथल्या शर्यती गाजवून तो पुन्हा युरोपात गेला. १९७२मध्ये नेदरलँड्सचा राष्ट्रीय विजेता झाला आणि त्याच वर्षी टूर द फ्रान्समध्ये १८वा आला. कुठला म्हणायचा त्याला? दोन्हीकडचा.

अलीकडच्या काळात नेल्सनने चढाचे चांगले सायकलपटू दिले. जॉर्ज बेनेट २०१६च्या स्पेनच्या शर्यतीत १०वा आणि २०१८च्या इटलीच्या शर्यतीत ८वा आला. २०१७मध्ये त्याने टूर ऑफ कॅलिफोर्निया जिंकली. नेल्सनचीच नीव्ह फिशर-ब्लॅक २०२२मध्ये २३ वर्षांखालील महिलांची पहिली जगज्जेती ठरली. २०२५मध्ये रवांडातल्या किगालीच्या चढउतारांवर ती मुख्य महिला गटात जगात दुसरी आली. ठिपक्यांची जर्सीही एका किवीच्या अंगावर चढली आहे. २०१८मध्ये डिऑन स्मिथने ती मिळवली.

न्यूझीलंडमध्ये कुठे पाहाल?

टूर ऑफ साउथलँड : १९५६पासूनची, अनेक दिवस चालणारी शर्यत. केंद्र इन्व्हरकार्गिल. काळ साधारण ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरची सुरुवात. ब्लफ हिल हा तिचा लाडका चढ. टेकडी अवघी २६५ मीटरची, पण रस्ता तीव्र. क्वीन्सटाउनच्या बाजूला क्राउन रेंजचा हजार मीटरहून उंच जाणारा रस्ताही या शर्यतीने वापरला आहे आणि रिमार्केबल्सच्या स्की मैदानाच्या रस्त्यावरही टप्पे संपले आहेत. मार्ग दर वर्षी बदलतो, त्यामुळे निघण्यापूर्वी त्या वर्षीचा नकाशा पाहावा.

न्यूझीलंड सायकल क्लासिक : वैरारापामध्ये मास्टर्टनच्या परिसरात बरीच वर्षे भरलेली, जानेवारीतली शर्यत. तिथे ॲडमिरल हिलचा चढ हे तिचे मुख्य आकर्षण होते. वेलिंग्टनकरांना एका दिवसात जाऊन येता येई. पुण्याची शर्यत याच आंतरराष्ट्रीय दर्जाची आहे.

दोन्हीकडे रस्त्याच्या कडेला उभे राहायला तिकीट लागत नाही.

फ्रान्सचा घाट, इथली रात्र

जुलैमध्ये आपण फ्रान्सच्या १० तास पुढे असतो. तिथे टप्पा संध्याकाळी ५च्या सुमारास संपतो तेव्हा इथे पहाटेचे ३ आणि पुण्यात रात्रीचे साडेआठ. मेमधल्या इटलीच्या शर्यतीला आणि ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या स्पेनच्या शर्यतीलाही हाच हिशोब. म्हणजे तिकडचे भाऊबंद जेवता जेवता पाहतात आणि आपण पांघरूण घेऊन. जानेवारीत मात्र उलटे. पुण्यात दुपारी १ वाजता इथे रात्रीचे साडेआठ, तेव्हा पुण्याची शर्यत आपण जेवणानंतर आरामात पाहू शकतो.

सगळी रात्र जागायची गरज नाही. शेवटच्या घाटाचा पायथा कधी लागणार याचे अंदाजे वेळापत्रक आयोजक आधी जाहीर करतात. त्याच्या पंधरा मिनिटे आधीचा गजर लावला तर तासाभरात काम होते. शनिवारच्या टप्प्याचा शेवट इथे रविवारी पहाटे येतो. नोकरदारांनी तेवढा एक तरी थेट पाहावा.

घाटात उभे राहायचे तर

• चढ जिथे सर्वात तीव्र तिथे जागा धरा. सपाटीवर ताशी ५० किलोमीटरने जाणारा घोळका अर्ध्या मिनिटात दिसेनासा होतो. घाटात वेग निम्म्याहून कमी असतो आणि सायकलपटू एकेक करून येतात, त्यामुळे चेहरे नीट दिसतात.

• तीव्र वळण असेल तर आतल्या बाजूला, थोडे उंचावर थांबा. खालचा रस्ताही दिसतो.

• रस्ता बंद होण्याच्या बऱ्याच आधी पोचा. शर्यत गेल्यावरही गाडी लगेच काढता येत नाही. मुलांना तशी कल्पना देऊन ठेवा.

• साउथलँडमध्ये वसंतातही बोचरा वारा आणि पाऊस असतो. वारा अडवणारे जॅकेट, टोपी, थर्मासभर चहा आणि दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या हव्यातच. घाटात दुकान नसते.

• कचरा परत आणा.

सर्वात महत्त्वाचे : दोन पावले मागे

स्टेडियममध्ये प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यात कुंपण असते. घाटात बहुतेक ठिकाणी ते नसते. खेळाडूचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळ आपण उभे असतो. हेच या खेळाचे मोठेपण आणि हाच धोका.

१९७५मध्ये प्युई द डोमच्या चढावर एका प्रेक्षकाने एडी मर्क्सला पोटात ठोसा मारला. सहाव्या विजेतेपदाच्या वाटेवर असलेला मर्क्स ती शर्यत हरला. १९९९मध्ये आल्प द्युएझवर विजयाच्या तोंडावर असलेल्या ज्युझेप्पे ग्वेरिनीला रस्त्यात उभ्या राहून फोटो काढणाऱ्या एका हौशी माणसाची धडक बसली. तो उठला आणि जिंकला, हे नशीब. २०१६मध्ये माँ व्हाँतूवर गर्दीने रस्ता अडला, मोटरसायकल थांबली, सायकलपटू तिच्यावर आदळले आणि पिवळ्या जर्सीतला क्रिस फ्रूम सायकलशिवाय चक्क पळत सुटला. २०१८मध्ये विन्चेन्झो निबाली आल्प द्युएझवर गर्दीत पडला. त्याच्या मणक्याला इजा झाली आणि त्याला शर्यत सोडावी लागली.

ठोसा मारणारा सोडला तर यातल्या बहुतेकांच्या मनात वाईट काही नव्हते. जवळून पाहायचे होते, फोटो हवा होता. म्हणून नियम साधे ठेवा. फोटो काढताना सायकली पडद्यात वाटतात त्याहून जवळ असतात, तेव्हा डोळ्यांनी पाहा. बरोबर धावू नका. पाठीला धक्का देऊ नका. झेंडा, मग तो चंदेरी नेच्याचा असो, तिरंगा असो की भगवा, रस्त्यावर झुकू देऊ नका, तो चाकात किंवा हँडलात अडकतो. लहान मुलांचा हात सोडू नका. पहिला सायकलपटू गेला म्हणून रस्ता ओलांडू नका, मागून गाड्या आणि आणखी सायकली येतच असतात.

आणि शेवटचा येईपर्यंत थांबा. पुढच्यांसाठी सगळेच टाळ्या वाजवतात. अर्ध्या तासाने, दात-ओठ खात, वेळेच्या आत पोचण्यासाठी जो एकटा चढत असतो त्याला कोणीतरी "शाब्बास" म्हणायला हवे. मराठीत म्हटले तरी चालेल, घाटात ते सगळ्यांना कळते.