उच्चक्षमता हलक्या विमानांसाठीचे संक्रमण प्रशिक्षण

एका प्रकारच्या विमानावर परवाना मिळवलेल्या वैमानिकाला वेगळ्या गुणधर्मांचे विमान स्वतंत्रपणे चालवण्यापूर्वी जमिनीवर व हवेत जे शिक्षण दिले जाते, त्याला संक्रमण प्रशिक्षण म्हणतात. मोठ्या प्रवासी विमानांच्या बाबतीत प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र अभ्यासक्रम, सिम्युलेटरवरील सराव आणि परीक्षा बंधनकारक असते. खासगी मालकीच्या हलक्या विमानांच्या बाबतीत मात्र कायद्याची अपेक्षा बरीच मोघम असते. सेसना १७२ सारख्या संथ व क्षमाशील प्रशिक्षण विमानावर शिकलेला वैमानिक बीचक्राफ्ट बोनान्झा, सेसना २१०, मूनी किंवा सिरस एसआर२२ अशा वेगवान विमानाकडे वळतो, तेव्हा त्याला किती व कोणते शिक्षण मिळावे, हा प्रश्न अमेरिकेत अनेक दशके चर्चेत आहे. जगातील अशी बहुसंख्य खासगी विमाने तेथेच असल्यामुळे या विषयातील नियम, अपघात आणि न्यायालयीन वाद हे मुख्यतः त्या देशातले आहेत.

== अमेरिकेतील कायदेशीर व्याख्या ==

अमेरिकेच्या संघीय विमानचालन प्रशासनाच्या नियमांनुसार, ज्या विमानाचे इंजिन २०० अश्वशक्तीपेक्षा अधिक शक्तीचे आहे ते ‘उच्चक्षमता’ विमान होय. मागे घेता येणारी चाके, फ्लॅप आणि पात्यांचा कोन बदलता येणारा प्रोपेलर या तिन्ही गोष्टी असलेल्या विमानाला ‘जटिल’ विमान म्हणतात. ४ ऑगस्ट १९९७ पासून या दोन संज्ञा वेगळ्या झाल्या. त्यापूर्वी दोन्ही प्रकार एकाच नावाखाली येत असत. ज्यांनी या तारखेपूर्वी अशा विमानात मुख्य वैमानिक म्हणून उड्डाण केले होते, त्यांना नव्या नियमातून सूट मिळाली.

अश्वशक्तीची अट प्रत्येक इंजिनाला लागू होते, विमानाच्या एकूण शक्तीला नव्हे. त्यामुळे प्रत्येकी १८० अश्वशक्तीची दोन इंजिने असलेले पायपर सेमिनोल या व्याख्येत बसत नाही. नेमक्या २०० अश्वशक्तीचे पायपर अ‍ॅरो जटिल असूनही उच्चक्षमता नाही, आणि स्थिर चाकांचे २३० अश्वशक्तीचे सेसना १८२ उच्चक्षमता असूनही जटिल नाही. ही रेषा प्रशासनाच्या सोयीसाठी ओढलेली आहे. विमान हाताळायला किती अवघड आहे, हे तिच्यावरून कळत नाही.

पात्रतेसाठी वैमानिकाने अधिकृत प्रशिक्षकाकडून जमिनीवरील व प्रत्यक्ष उड्डाणाचे शिक्षण घ्यावे लागते आणि प्रशिक्षकाने लॉगबुकात तशी नोंद करावी लागते. किमान तासांची अट नाही, परीक्षकापुढे चाचणी नाही, आणि ही नोंद एकदा झाली की कायम राहते. वीस वर्षांपूर्वी सेसना १८२ वर मिळवलेली नोंद आज ३१० अश्वशक्तीच्या विमानालाही चालते. २५,००० फुटांहून अधिक उंचीवर उडू शकणाऱ्या, हवेचा दाब राखलेल्या विमानांसाठी वेगळी नोंद लागते. तीत प्राणवायूची कमतरता आणि दाब अचानक नाहीसा होण्याचे परिणाम शिकवले जातात.

व्यवहारात तासांची अट घालतात त्या विमा कंपन्या. वैमानिकाचा पूर्वानुभव पाहून त्या प्रशिक्षकासोबत ठरावीक तास उडण्याची आणि काही वेळा दरवर्षी उजळणी करण्याची मागणी करतात. कायद्याने मोकळी ठेवलेली जागा अशा प्रकारे विम्याच्या करारपत्राने भरली आहे.

== विमानांतील फरक ==

सेसना १७२ चे अलीकडचे प्रारूप कमाल १,१५७ किलो वजनाने उड्डाण करते आणि साधारण १२० नॉट वेगाने प्रवास करते. सिरस एसआर२२ चे कमाल वजन प्रारंभीच्या प्रारूपांत १,५४२ किलो असून वेग १८० नॉटच्या आसपास असतो. पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर पहिल्या विमानात सुमारे ७२ किलो भार येतो, दुसऱ्यात सुमारे ११५ किलो. अधिक भारामुळे खळबळीच्या हवेत विमान कमी हेलकावते, पण ते स्टॉलही अधिक वेगाला होते आणि उतरतेही अधिक वेगाने. पहिले विमान ६५ नॉटला व दुसरे ७८ नॉटला धावपट्टीकडे येत असेल, तर वजन व वेग दोन्ही धरून दुसऱ्याची गतिज ऊर्जा जवळपास दुप्पट भरते. ही सगळी ऊर्जा ब्रेक आणि उरलेली धावपट्टी यांनाच जिरवावी लागते.

वेगाचा पहिला फटका बसतो तो वैमानिकाच्या विचाराच्या गतीला. समजा, ९,००० फुटांवरून १,००० फुटांवर यायचे आहे आणि मिनिटाला ५०० फूट या दराने उतरायचे आहे. यास १६ मिनिटे लागतात. १२० नॉटला उडणाऱ्याने मुक्कामापासून ३२ सागरी मैलांवर उतरणीला सुरुवात केली तरी चालते. १८० नॉटला उडणाऱ्याने ती ४८ मैलांवर करायला हवी. जुन्या सवयीप्रमाणे ३२ मैलांवर जागा झालेला वैमानिक विमानतळाजवळ पोहोचतो तेव्हा फार उंच आणि फार वेगात असतो. प्रवाहरेषित विमान एकाच वेळी खालीही येत नाही आणि मंदही होत नाही. नाक खाली केले की वेग वाढत जातो. चाके व फ्लॅप काढण्यासाठी वेगमर्यादा असल्यामुळे त्यांचाही तत्काळ उपयोग होत नाही. अशा घाईत ऐन शेवटी चाके काढायचीच राहून जातात.

उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जाण्याची कृती हा दुसरा नाजूक भाग. त्या वेळी विमान कमी वेगासाठी, म्हणजे नाक वर ठेवण्यासाठी, ट्रिम केलेले असते. पूर्ण शक्ती देताच नाक झपाट्याने वर जाते आणि प्रोपेलरच्या परिणामामुळे विमान डावीकडे वळू लागते. प्रशिक्षण विमानात उजव्या पायाचा हलका दाब पुरतो. ३०० अश्वशक्तीच्या विमानात मात्र दांडी जोराने पुढे दाबून, उजवा रडर भरपूर देऊन मग ट्रिम बदलावी लागते. यात चूक झाली तर जमिनीपासून काहीशे फुटांवर स्टॉल होतो, आणि तेथून सावरण्याइतकी उंची उरलेली नसते. म्हणून अनुभवी प्रशिक्षक हा प्रसंग प्रथम सुरक्षित उंचीवर पुन्हा पुन्हा करवून घेतात.

इंजिनाची हाताळणीही बदलते. साध्या विमानात शक्तीसाठी एकटा थ्रॉटल असतो. येथे प्रोपेलरची फेरेसंख्या वेगळ्या दांड्याने ठरते आणि शक्तीचा अंदाज मॅनिफोल्ड दाबावरून घ्यावा लागतो. शक्ती वाढवताना आधी प्रोपेलर व मग थ्रॉटल, कमी करताना आधी थ्रॉटल व मग प्रोपेलर, हा क्रम हाताला बसवावा लागतो. टर्बो असलेल्या इंजिनात तेल थंड असताना थ्रॉटल एकदम पुढे ढकलल्यास दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

== सवयीचे उलटे संक्रमण ==

नवे शिकण्याइतकेच जुने विसरणे अवघड असते. पूर्वीच्या बीचक्राफ्ट बोनान्झा व बॅरन विमानांत चाकांची कळ आणि फ्लॅपची कळ यांच्या जागा इतर बहुतेक विमानांच्या उलट होत्या. दुसऱ्या विमानांवर हात बसलेले वैमानिक उतरल्यानंतर धावपट्टीवरच फ्लॅप उचलायला जात आणि चाके मागे घेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९८० मध्ये या अपघातांवर विशेष अभ्यास प्रसिद्ध केला व त्यांचे मूळ रचनेत असल्याचे दाखवून दिले. नंतरच्या प्रारूपांत कळांच्या जागा बदलण्यात आल्या, पण जुनी विमाने अजूनही उडत आहेत. त्यामुळे इंजिन बंद ठेवून कॉकपिटमध्ये बसणे आणि प्रत्येक कळ डोळे मिटून शोधणे हा या प्रशिक्षणाचा जुना व बिनखर्ची भाग आजही टिकून आहे.

== अपघातांचा इतिहास ==

१९४७ मध्ये बाजारात आलेल्या इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या शेपटीच्या बोनान्झाला अमेरिकेत डॉक्टरांचा बळी घेणारे विमान असे कुप्रसिद्ध टोपणनाव पडले. विमान विकत घेण्याइतका पैसा आहे पण सरावाला वेळ नाही, अशा ग्राहकांवरचा तो शेरा होता. तो सर्वस्वी न्याय्य नव्हता. हवेतच मोडलेल्या काही विमानांत शेपटीच्या रचनेचा दोषही पुढे आला, आणि १९८० च्या दशकात प्रशासनाने ती मजबूत करण्याचा आदेश दिला. तरीही ढगात शिरून ताबा गमावल्यावर हे विमान पाहता पाहता मर्यादेपलीकडचा वेग गाठते, हे निरीक्षण खरे होते आणि ते आजच्या विमानांनाही लागू आहे.

१६ जुलै १९९९ च्या रात्री माजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन एफ. केनेडी धाकटे यांचे पायपर साराटोगा विमान मार्थाज व्हिनियार्ड बेटाजवळ समुद्रात कोसळले व तिघांचा मृत्यू झाला. हे ३०० अश्वशक्तीचे, मागे घेता येणाऱ्या चाकांचे विमान होते. चौकशीनुसार केनेडी यांचा एकूण अनुभव सुमारे ३१० तासांचा होता. या विमानात त्यांनी सुमारे ३६ तास उड्डाण केले होते. त्यांतले प्रशिक्षकाविना केवळ ३ तासांच्या आसपास होते, आणि त्यातही रात्रीचा एक तासदेखील नव्हता. उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता त्यांनी अजून मिळवलेली नव्हती. धूसर, अंधाऱ्या रात्री पाण्यावरून उतरताना दिशाभ्रम होऊन विमानावरचा ताबा गेला, असा निष्कर्ष मंडळाने काढला. यंत्रात बिघाड आढळला नाही. चाके, प्रोपेलर व शक्ती हाताळता येणे आणि तेच विमान क्षितिज दिसत नसताना एकट्याने सांभाळणे, ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. लॉगबुकातील नोंद त्यांपैकी पहिल्यापुरतीच असते.

याच सुमारास काटे असलेल्या तबकड्यांच्या जागी संगणकीय पडदे येऊ लागले. मंडळाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा हलक्या विमानांची जुन्या पद्धतीच्या विमानांशी तुलना केली. एकूण अपघातांचा दर कमी, पण प्राणघातक अपघातांचा दर अधिक, असे चित्र दिसले. विशिष्ट उपकरणांवर आधारित प्रशिक्षणाची शिफारस त्यातून पुढे आली.

== शिकवण्याची जबाबदारी कोणाची? ==

१८ जानेवारी २००३ रोजी मिनेसोटा राज्यातील हिल सिटीजवळ एक नवे सिरस एसआर२२ कोसळून वैमानिक व सहप्रवासी ठार झाले. वैमानिक पूर्वी सेसना १७२ चालवत असे. विमानाच्या किमतीतच दोन दिवसांचे संक्रमण प्रशिक्षण समाविष्ट होते आणि ते नॉर्थ डकोटा विद्यापीठाशी संलग्न प्रतिष्ठानाने दिले होते. चुकून ढगात शिरल्यास ऑटोपायलटच्या साहाय्याने बाहेर कसे यावे, हा अभ्यासक्रमातील धडा प्रत्यक्ष उड्डाणात दिलाच गेला नाही, असा मृतांच्या वारसांचा दावा होता.

ज्यूरीने दोषाचा मोठा वाटा उत्पादक व प्रशिक्षण संस्था यांच्यावर टाकला आणि १ कोटी ६० लाख डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. अपील न्यायालयाने २०११ मध्ये हा निर्णय फिरवला, आणि २०१२ मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. धोक्याची सूचना देणे हे उत्पादकाचे कर्तव्य आहे व लेखी पुस्तिकांतून ते पार पडते. ग्राहकाला ते विमान चालवायला शिकवणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य नाही, असे बहुमताने ठरले. न्यायपीठावर मतभेद होते. उत्पादकांना हा निकाल दिलासा देणारा ठरला. ग्राहकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की विमानासोबत मिळणारे प्रशिक्षण हा विक्रीचा भाग आहे, हमीचा नव्हे.

सिरस विमानांना संपूर्ण विमान खाली आणणारे पॅराशूट असते, आणि स्पिनमधून सुटण्यासाठी एसआर२२ च्या पुस्तिकेत तेच वापरण्याचा आदेश आहे. तरीही प्रारंभीच्या अनेक अपघातांत ते उघडले गेले नाही. विमानमालकांची संघटना आणि कंपनी यांनी पुढे प्रशिक्षणाचा रोख बदलला. पॅराशूट हा शेवटचा उपाय न मानता ते केव्हा ओढायचे याचा निर्णय उड्डाणापूर्वीच घ्यावा, हे शिकवले जाऊ लागले. त्यानंतरच्या वर्षांत प्राणघातक अपघातांचा दर लक्षणीय घटला.

सक्तीच्या प्रशिक्षणाचे याहून ठळक उदाहरण मित्सुबिशी एमयू-२ या दोन इंजिनांच्या टर्बोप्रॉप विमानाचे आहे. वाढत्या अपघातांमुळे त्यावर बंदी आणण्याची मागणी झाली होती. अमेरिकी प्रशासनाने बंदीऐवजी २००८ मध्ये फक्त या विमानासाठी ठरावीक अभ्यासक्रम व वार्षिक उजळणी बंधनकारक केली. विमान तेच राहिले, अपघात मात्र खूप कमी झाले.

== युरोप व भारत ==

युरोपीय संघात अश्वशक्तीचा आकडा निर्णायक नसतो. एक पिस्टन इंजिन असलेल्या विमानांच्या वर्गात बदलत्या कोनाचा प्रोपेलर, मागे घेता येणारी चाके, टर्बो, दाबयुक्त केबिन, शेपटीकडचे चाक, संगणकीय पडदे आणि एकाच दांड्याने शक्तीनियंत्रण या प्रत्येक वैशिष्ट्यासाठी ‘फरक-प्रशिक्षण’ घ्यावे लागते. वैमानिकाला नेमके काय नवे आहे, हे या पद्धतीत अधिक स्पष्टपणे विचारले जाते.

भारतात नागरी विमानचालन महासंचालनालयाच्या पद्धतीनुसार परवान्यावर विमानांचे प्रकार नोंदवले जातात. खासगी मालकीची हलकी विमाने थोडी असल्यामुळे असे संक्रमण बहुधा प्रशिक्षण संस्थांतच, एका इंजिनाकडून दोन इंजिनांकडे जाताना घडते. गोंदियाजवळील बिरसी विमानतळावरच्या नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये त्यासाठी डायमंड डीए४२ वापरले जाते. या विमानात प्रत्येक इंजिनाला एकच दांडा असतो आणि प्रोपेलरचे नियंत्रण संगणक करतो. अमेरिकी व्याख्येनुसार ते उच्चक्षमता ठरत नाही. मात्र त्यावर शिकलेला वैमानिक पुढे पायपर सेनेकासारख्या जुन्या पद्धतीच्या विमानात बसला, तर थ्रॉटल, प्रोपेलर व मिक्स्चर यांचे सहा दांडे त्याला नव्याने शिकावे लागतात.